एडिटर कुठेत?

परवा चॅनलकडून दोघं जण एडिट बघायला आले. दार अर्धंच ढकलून एकानं आत डोकं घातलं आणि विचारलं, "एडिटर कुठेत?"

मी मशीनवरच बसले होते. समोर दोन मॉनिटर, टाईमलाईन उघडलेली, हात माउसवर. माझ्यामागे सोफ्यावर आमचा ऑफिसबॉय वडापाव खात होता. पाहुण्यांनी त्याच्याकडे बघून हसून मान हलवली. पोरगं गडबडलं. तोंडात घास, बोलता येईना, तेव्हा त्यानं वडापाव धरलेल्या हातानंच माझ्याकडे खूण केली.

"अच्छा, सॉरी हां मॅडम," असं म्हणून पाहुणे बसले. पुढचा पाऊण तास त्यांनी फीडबॅक दिला, तो मात्र बराचसा ऑफिसबॉयकडे बघून. तोही शहाणा. दर वाक्याला "हो सर" म्हणत होता.

आणि ते जो एपिसोड बघायला आले होते त्याचा विषय काय, तर ऑफिसात बाईला कमी लेखतात तेव्हा ती काय करते.

मालिकेचं नाव घेत नाही, पोट त्याच्यावर आहे. आमची नायिका लग्नानंतर सहा वर्षांनी नोकरीला लागली आहे. ट्रॅक वरूनच आलेला, कारण ८ मार्च जवळ येत होता आणि त्या आठवड्यात सगळ्याच मालिकांतल्या बायका अचानक खंबीर होतात. सीन असा: कॉन्फरन्स रूममध्ये मीटिंग चालू आहे. प्यून रजेवर. बॉस टेबलाभोवतीच्या सात माणसांतून नेमका नायिकेकडे बघतो आणि म्हणतो, "अहो, जरा चहाचं बघता का?" ती जाते, ट्रे घेऊन येते, ट्रे टेबलावर ठेवते आणि मग दीड पानाचा डायलॉग. आई, बहीण, लक्ष्मी, दुर्गा, सगळं त्यात आहे. टाळ्या. बॉसची मान खाली. संध्याकाळी नवरा गॅलरीत म्हणतो, मला तुझा अभिमान वाटतो. फ्रीझ, चित्र तिथेच गोठतं.

रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं फुटेज बघताना तिसऱ्या टेकला मी थबकले. ट्रे घेऊन ती दारातून आत येते आणि थांबते. दिग्दर्शकानं सांगितलेलं नाही, स्क्रिप्टमध्ये नाही. चार सेकंद. आमच्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे शंभर फ्रेम नुसती उभी आहे. आधी ट्रेकडे बघते. मग टेबलाकडे. कोणाच्या पुढ्यात पहिला कप ठेवायचा, याचा विचार चाललाय असं वाटतं. गरम कपाला टेकलेला अंगठा जरा मागे घेते. पदर सरकलाय, पण हात मोकळा नाही, म्हणून खांदा थोडा उचलते. फ्रेमच्या कडेला टेबलावर अजून एक बाई बसलेली आहे, ज्युनिअर आर्टिस्ट, तिला डायलॉग नाही, 'ऑफिस स्टाफ' एवढीच तिची ओळख. ती नायिकेकडे क्षणभर बघते आणि पटकन समोरच्या फाईलमध्ये डोकं घालते.

हे मी बघितलेलं आहे. टीव्हीवर नाही, आयुष्यात. ट्रे धरणारी बाई मी होते आणि फाईलमध्ये डोकं घालणारीही मीच होते, वेगवेगळ्या वर्षी.

मी ते चार सेकंद ठेवले. खाली म्युझिक टाकलं नाही. फक्त एसीची घरघर आणि कपबशीचा किणकिण आवाज.

"ड्रॅग होतंय," पाहुणे म्हणाले. "डायरेक्ट डायलॉगवर या. आणि ट्रे ठेवते तिथे एक धाड्कन काहीतरी द्या."

त्यांचंही चुकत नाही. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांच्या आसपास उरतात आणि दर गुरुवारी टीआरपी येतो. गुरुवारी आमच्याकडे दहावीच्या निकालासारखं वातावरण असतं. बघणारी बाई भाजी निवडता निवडता बघते, तिचा हात रिमोटवर जाता कामा नये. चार सेकंद शांतता झाली की तिला वाटतं केबल गेली. मी कट मारला. ट्रे ठेवल्याबरोबर स्टिंग, म्हणजे म्युझिकचा एक ठोका दिला, तीन रिॲक्शन लावल्या, बॉसची, टेबलावरच्या एका माणसाची आणि भिंतीवरच्या मालकाच्या फोटोची. (फोटोची रिॲक्शन हा आमच्या मालिकांचा खास शोध आहे.) फाईलवाली बाई त्या शंभर फ्रेमबरोबर गेली.

घरी जाताना ओशिवऱ्यापासून रिक्षा अंधेरी स्टेशनकडे सरकतच नव्हती, तेव्हा डोक्यात हेच चाललं होतं. पडद्यावर ऑफिसातल्या बाईवर अन्याय होतो तेव्हा तो कसा दिसतो? त्याला एक तोंड असतं. तो माणूस मिशीला पीळ देतो किंवा हल्ली नीट दाढी कोरलेली असते, इंग्रजी बोलतो. त्याला बाई एकदा सुनावते आणि सीन संपतो. पुढचा सीन संध्याकाळचा. आम्ही एडिटर लोक दुसऱ्या दिवशीची सकाळ कधीच ठेवत नाही. स्क्रिप्टमध्येच नसते, आणि चुकून असली तर पहिली तीच उडते. डायलॉग मारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्याच माणसाच्या केबिनवरून जायचं असतं, रजेचा अर्ज त्याच्याच सहीनं मंजूर व्हायचा असतो, हे काही आम्ही दाखवत नाही.

माझी आई चर्चगेटला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. दहिसरहून रोजचं जाणं-येणं. कचेरीत दरवर्षी सत्यनारायण व्हायचा आणि दरवर्षी प्रसादाचा शिरा बायकांच्या गळ्यात पडायचा. एका वर्षी आई म्हणाली, यंदा शिरा जोशीसाहेबांनी करावा, त्यांच्या हाताला चव आहे असं ते स्वतःच सांगतात. सगळे हसले. साहेबही हसले. आडनाव मी बदललंय. त्यानंतर सहा महिने आईकडे टायपिंगला येणारे कागद दुपारी चारनंतर यायचे. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. कागद चारनंतर येतात, यावर तक्रार कशी लिहिणार?

तेव्हा सह्याद्रीवर 'दामिनी' लागायची. प्रतीक्षा लोणकर पत्रकार झालेली. आम्ही दोघी न चुकवता बघायचो. आईला ती फार आवडायची, पण एक खोट ती नेहमी काढायची: "हिला कधी बसून काम करताना दाखवत नाहीत गं. सारखी भांडतच असते. लिहिते कधी?" मला तेव्हा हसू यायचं. आता मी त्याच धंद्यात आहे, आणि आईची ही टीका मी अजून कुठल्या समीक्षकाकडून ऐकलेली नाही.

आईचा सगळ्यात लाडका सिनेमा 'उंबरठा'. जब्बार पटेलांचा, १९८२चा, पटकथा तेंडुलकरांची. मला लहानपणी तो कंटाळवाणा वाटायचा, गाणी सोडून. एडिटर झाल्यावर पुन्हा बघितला तेव्हा कळलं आईला त्यात काय दिसत होतं. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडून जाते. तिला अडवणारा एकच एक खलनायक तिथे नाही. संचालक मंडळ आहे, आमदार आहे, आणि मागे घरी तर सगळे सुशिक्षित, सभ्य लोक आहेत. सासू स्वतः समाजकार्य करणारी. कोणी ओरडत नाही. सगळे समजुतीच्या सुरात बोलतात. आणि महत्त्वाचं म्हणजे, सुलभा राजीनामा देते तिथे सिनेमा संपत नाही. ती घरी परत येते, तर घरात तिची जागा भरून गेलेली असते. आता तिला पुन्हा निघायचं आहे. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमानं दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवली होती. आम्ही मालिकावाल्यांनी ती कापली.

आता माझी गोष्ट. २००६ साली मी अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या स्टुडिओत असिस्टंट म्हणून लागले. एकूण सात माणसं. त्यात बायका दोन, मी आणि अकाऊंट्सच्या ताई, वसईहून यायच्या. मजल्यावर बायकांचं टॉयलेट एकच, त्याला कुलूप, किल्ली खाली वॉचमनकडे. वॉचमन जेवायला गेला की किल्लीही जेवायला. मी पहिल्या महिन्यातच पाणी कमी प्यायला शिकले.

स्टुडिओचे मालक भले गृहस्थ. कधी वावगं बोलले नाहीत, कधी नजर वाईट नाही. "तू माझ्या मुलीसारखी" हे वाक्य दिवसातून एकदा तरी. म्हणूनच मला नाईट शिफ्ट द्यायचे नाहीत. "पोरीला रात्री कशाला, उगाच जबाबदारी." ऐकायला किती गोड. पण दिग्दर्शक यायचे रात्री, शूट संपल्यावर. फायनल कट लागायचा रात्री. शिकायला मिळायचं रात्री, आणि श्रेयनामावलीत नाव कुणाचं जाणार तेही रात्रीच ठरायचं. दिवसभर मी टेपवरचं शूट मशीनमध्ये ओतायचे, लॉगिंग करायचे, साऊंड सिंक करायचे. माझ्यानंतर आठ महिन्यांनी आलेला मुलगा वर्षभरात एडिटर झाला. मी चार वर्षं असिस्टंट.

खरं सांगायचं तर तेव्हाच्या कायद्यातही बायकांच्या रात्रपाळीवर बंधन होतंच. बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्री साडेनऊनंतरही काम करायची मोकळीक राज्याच्या २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं दिली. पण आमच्या मालकांनी कायद्याचं नाव कधीच काढलं नाही. काढलं असतं तर निदान वाद घालता आला असता. मायेशी वाद घालता येत नाही.

एक दिवस मी बोलले. डायलॉग वगैरे नव्हता. आवाज कापत होता आणि वाक्य होतं, "सर, मलापण नाईट द्या ना." एवढंच. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचारलंस का?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी काय झालं? काही नाही. कोणी रागावलं नाही. मला फक्त जुन्या टेपांची यादी करायला बसवलं. कपाटं भरून टेपा. सहा आठवडे. दुपारी मालक स्वतः विचारायचे, "जेवलीस का गं?" हा सीन मी आज एडिटला घेतला तर पहिल्या बैठकीत उडेल. घडतच काही नाही त्यात.

त्या सहा आठवड्यांत एक गोष्ट मात्र घडली. अकाऊंट्सच्या ताईंनी एका संध्याकाळी टेबलावर एक किल्ली ठेवली. नवीकोरी, पितळी. वॉचमनची किल्ली "जरा द्या" म्हणून नेऊन त्यांनी स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याकडून दोन डुप्लिकेट करून आणल्या होत्या, एक त्यांची, एक माझी. "पस्तीस रुपये झाले," म्हणाल्या. "पगार झाल्यावर दे." दुसरं काही बोलल्या नाहीत. व्हाऊचरवर त्यांनी ते लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

ही जी दुसरी बाई असते ना, ती पडद्यावर सगळ्यात आधी कापली जाते. वायुदलातल्या हेलिकॉप्टर पायलटवरचा 'गुंजन सक्सेना' आठवतो? २०२० साली, लॉकडाऊनमध्ये नेटफ्लिक्सवर आला. जान्हवी कपूर एकटी मुलगी, उधमपूरच्या तळावर सगळे पुरुष, कपडे बदलायला खोली नाही, टॉयलेट नाही, कारणं काढून उड्डाणं रद्द, आणि मग तो पंजा लढवण्याचा सीन. मी रडले होते तो बघताना, खोटं कशाला बोलू. नंतर वायुदलानं सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून आक्षेप घेतला की आमचं नको तितकं वाईट चित्र रंगवलंय. ते एक सोडा, संस्था असं म्हणणारच. पण त्याच तळावर त्याच काळात पायलट असलेल्या श्रीविद्या राजन यांनी जाहीरपणे लिहिलं, की आम्ही दोघी तिथे बरोबरच रुजू झालो होतो, आणि तो पंजा लढवण्याचा प्रकार कधी घडलाच नाही. काही सहकाऱ्यांचे पूर्वग्रह होते, हे त्यांनी नाकारलं नाही. पण मदत करणारेही होते, असंही सांगितलं.

म्हणजे खऱ्या गोष्टीत दोन मुली होत्या. त्यांच्यात काय बोलणं झालं असेल? कपडे बदलताना दाराशी कोण उभं राहत असेल? मला तर तोच सिनेमा बघायचा होता. पण लेखकाच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं असणार, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवानं सांगते, की दोन मुली असल्या की एकटेपणा जातो. मग एक कमी करा आणि तिच्या जागी पंजा घाला. पंजा दिसतो. दारात उभं राहणं दिसत नाही.

याच्या अगदी उलट सत्यजित राय यांच्या 'महानगर'मध्ये आहे, तोही १९६३ साली. कोलकात्यातली आरती दारोदार विणकामाची मशीन विकते. तिच्याबरोबर इडिथ नावाची अँग्लो-इंडियन मुलगी आहे. इडिथ तिला लिपस्टिक देते. शेवटी इडिथला अन्यायानं काढून टाकतात आणि आरती, घरात तिच्या एकटीच्या पगारावर चूल पेटत असताना, त्यासाठी नोकरी सोडते. स्वतःच्या अपमानासाठी नाही, दुसरीच्या. (विणकाम म्हटल्यावर आठवलं: "एडिटिंग बायकांना जमतं, शिवणटिपणासारखंच आहे," हे कौतुक मी कमीत कमी दहा वेळा ऐकलंय. एडिटर रेणू सलुजांनी 'परिंदा' कापला तो काय फ्रॉकच्या मापानं?)

मधल्या काळातलं फारसं सांगण्यासारखं नाही. हिंदी मालिकेतल्या ऑफिसात जाणाऱ्या 'जस्सी'चा प्रश्न दातांची तार निघाल्यावर सुटला. 'ऐतराज'मध्ये बॉस बाई आणि छळ पुरुषाचा, ते २००४ साली लोकांना फार नावीन्यपूर्ण वाटलं. 'इन्कार' मात्र जरा थांबून बघावा असा आहे. २०१३च्या जानेवारीत आला, सुधीर मिश्रांचा. मुंबईची जाहिरात एजन्सी, लैंगिक छळाची तक्रार, समितीपुढे दोघांच्या साक्षी, समितीत दीप्ती नवल. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा त्याच वर्षी पुढे एप्रिलमध्ये झाला. तोवर सगळा कारभार सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालावर चालायचा. सिनेमाची सुरुवात किती नेमकी होती, कोणता विनोद कोणाला कसा वाटला, कुठे थट्टा संपून त्रास सुरू झाला. आणि मग शेवटी तो घसरला आणि प्रेमकथा झाला. एवढी चौकशी केली आणि निष्पन्न काय, तर दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. आमच्या सात माणसांच्या स्टुडिओत तर समितीही नसती म्हणा. दहा किंवा जास्त माणसं असतील तरच ती नेमावी लागते, त्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. पण तिथे जाऊन मी सांगणार काय होते? मालक मला मुलीसारखं वागवतात?

हे सगळं दाखवणारी आमची इंडस्ट्री स्वतः कशी आहे, याबद्दल पडद्यावर एक अक्षर येत नाही, त्याचं नवल वाटत नाही. तुम्ही मालिकेच्या सेटवर कधी गेलात तर मेकअप रूममध्ये बघा. वर्षानुवर्षं मेकअप करणारे दादा आणि केस करणाऱ्या ताई. मला वाटायचं ही आवडीनिवडीची गोष्ट असेल. ती नियमाची गोष्ट होती. मुंबईच्या सिनेक्षेत्रातली मेकअपवाल्यांची संघटना बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच देत नव्हती, हेअर ड्रेसरचं द्यायची. चारू खुराना आणि इतर काही जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २०१४च्या नोव्हेंबरमध्ये तो नियम गेला. दोन हजार चौदा. तोवर मंगळयान मंगळाभोवती पोचलं होतं. आणि मंगळ मोहिमेतल्या शास्त्रज्ञ बायकांवर पाच वर्षांनी सिनेमा निघाला, त्यात रॉकेटचं गणित पुऱ्या तळण्यावरून सुचतं.

केरळात मल्याळम सिनेसृष्टीतल्या बायकांच्या परिस्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल २०१९च्या डिसेंबरात सरकारला दिला गेला आणि लोकांना वाचायला मिळाला २०२४च्या ऑगस्टमध्ये. त्यातल्या मोठमोठ्या गोष्टींच्या बातम्या झाल्या. माझे डोळे अडकले ते टॉयलेटच्या भागावर. सेटवर सोय नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत, असं त्यात आहे. वाचताना मी उठून पर्समध्ये हात घातला. पितळी किल्ली अजून आहे. ते कुलूप कधीच बदललं असेल, स्टुडिओही राहिला नाही.

या सगळ्यात एक सिनेमा असा आहे की जो बघून मला वाटलं, हा आमच्या कचऱ्याच्या डब्यातून काढून जोडलाय. 'द असिस्टंट', २०१९चा, किटी ग्रीन या बाईनं केलेला. न्यूयॉर्कमधलं सिनेमा कंपनीचं ऑफिस, एक मुलगी, तिचा एक दिवस. पहाटे अंधारात येते, दिवे लावते, कॉफी करते, झेरॉक्स काढते, साहेबाच्या खोलीतला सोफा पुसते. साहेब संपूर्ण सिनेमात दिसत नाही. दाराआडून आवाज येतो, फोनवर ओरडतो, बस. तिनं साहेबाला माफीची मेल लिहायची वेळ येते, तेव्हा शेजारचे दोघं सहकारी तिच्या खांद्यावरून वाकून शब्द सांगतात, सवयीनं, जणू पाढे म्हणतायत. नव्या आलेल्या मुलीबद्दल तिला काळजी वाटते म्हणून ती एचआरकडे जाते. तो माणूस इतका मवाळ बोलतो की पाच मिनिटांत तिची तक्रार तिच्याच मांडीवर परत येते. ती दाराशी पोचल्यावर तो धीर देतो: तुला घाबरायचं कारण नाही, तू त्यांच्या पसंतीतली नाहीस.

आणि मग ती परत जागेवर येऊन बसते. काम करते. दीड तासाच्या आतला सिनेमा, पण माझ्या बहिणीनं वीस मिनिटांत बंद केला. "काही होतच नाही," म्हणाली. ती स्वतः बँकेत आहे, ऑफिसर. मी म्हटलं, तुझ्याकडे तरी रोज काय होतं? तर म्हणाली, "म्हणून तर. ते बघायला मी परत टीव्ही लावू का?"

हेही खरं आहे. आमचा तो टाळ्यांचा एपिसोड लागला तेव्हा मी आईकडे होते. आईनं आता पंच्याहत्तरी ओलांडली. दीड पानाचा डायलॉग तिनं मान हलवत ऐकला आणि शेवटी टेबलावर थाप मारली. "बरं सुनावलं मेल्याला!" मी काही बोलले नाही. चारनंतर येणाऱ्या कागदांचा सहा महिन्यांचा हिशेब तिचा तिथे चुकता होत होता, त्यात मी चार सेकंदांचं कशाला काढू? दुर्गा-लक्ष्मीवर नाक मुरडणं मला परवडतं, कारण मी ते शंभर वेळा बघून झालेलं असतं. ती एकदाच बघते.

तरी ते चार सेकंद मी पुसले नाहीत. प्रोजेक्टमध्ये माझं एक वेगळं बिन, म्हणजे फोल्डर असतं, 'ठेवणीतलं' नावाचं. त्यात असे तुकडे साठत जातात. चॅनलची मालमत्ता आहे, बाहेर काही जाणार नाही, पण डिलीट करायला हात होत नाही.

मागच्या आठवड्यात एका पॅच शूटसाठी, म्हणजे राहिलेले तुकडे शूट करायला, मला फिल्मसिटीला सेटवर जावं लागलं. गोरेगावहून आत शिरल्यावर आरेची झाडं लागली की मला उगाच सुट्टीला आल्यासारखं वाटतं. मेकअप रूममध्ये आमची नायिका बसली होती. केसांना पिना लावणाऱ्या ताई मागे, पुढे मेकअपची मुलगी. हो, मुलगी, पंचविशीची. मी ओळख करून दिली. आम्ही सहा-सहा महिने या मुलींचे चेहरे बघतो, कुठल्या डोळ्यात आधी पाणी येतं तेही पाठ असतं, पण त्यांना आम्ही कोण ते ठाऊक नसतं. ती म्हणाली, "अय्या, एडिटर तुम्ही? मला वाटायचं कोणीतरी दादा आहेत."

मी हसले. म्हटलं, तो चहाचा सीन, तिसरा टेक, तू ट्रे घेऊन थांबलीस ते मला फार आवडलं होतं. मला ठेवता आलं नाही. पण कुठून आलं ते तुला?

ती जरा ओशाळली. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, खरं सांगू? मी लाईन विसरले होते."

मागच्या ताई फिस्सकन हसल्या. पिना खाली पडल्या.

"पाठ होती हो," ती म्हणाली. "रात्रभर केली होती. या आधी दोन वर्षं मी लोअर परळला नोकरी करायचे ना, तिथे पण... ट्रे हातात आला आणि सगळं गेलं डोक्यातून."

मग बाहेरून असिस्टंट डिरेक्टरनं शॉट रेडी म्हणून हाक मारली आणि ती पदर सावरत उठली.